नाव नको घालूस, आत्या

३ नोव्हेंबर, सोमवार

अक्षदाचा मेसेज आला. आधी वाटलं लग्नाची पत्रिका. उघडलं तर आत दुकान! एकेका चौकोनात एकेक वस्तू — बिनतेलाचं तळायचं यंत्र, कॉफीचं यंत्र, आपला आपण फिरणारा झाडू, जाड पडदे, काचेच्या बरण्या, स्टीलचे डबे, भांडी घासायचं मशीन. वर लिहिलेलं — 'अक्षदा आणि रुद्र यांच्या शेलूच्या घरासाठी. काही द्यायचंच असेल तर यातलं द्या. यादीबाहेरचं कृपया आणू नका, घर लहान आहे.' कुणी वस्तू घेतली की तिच्यावर हिरवी खूण येते. मग दुसऱ्याला ती घेता येत नाही.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या भावाची मुलगी. बारशाला हिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. आत्याचाच मान तो. आणि आज ती मला सांगते, काय आणायचं ते.

राग नाही आला. हसू आलं. मग आणखी काहीतरी आलं, ते काय ते कळेना.

बाहेर उल्हास नदीवर धुकं होतं. भात कापून झालंय. ओल्या पेंढ्याचा वास खिडकीतून आत येतो आणि दुपारपर्यंत घरातच बसून राहतो, पाहुण्यासारखा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संतोषचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "ताई, बगितलंस का पोरीचं? याद्या वाटती गावात!"

साजगावच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. यंत्रांच्या वरताण बोलायची सवय — फोन कानापासून लांब धरावा लागतो. म्हणणं एवढंच, की सांगून घेतला तो आहेर नाय, ती वसुली. आपल्यात पत्रिकेवर छापतात, आहेर आणू नये. ही तर मागून घेते. भावकीत काय तोंड दाखवायचं?

सगळ्यात चिडला तो भांडी घासायच्या मशीनवर. दोन माणसांची चार ताटं, आणि त्याला मशीन! हात काय मोडले का?

मग म्हणाला, हिची आई असती तर हे झालं नसतं.

नम्रता गेली तेव्हा अक्षदा दहावीत होती. त्या घरात अजून कुणी तिचं नाव सरळ घेत नाही. 'हिची आई'. बस.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षदा आली, ऑफिसातून परस्पर. दमलेली. आल्या आल्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. केसांना एसीचा वास.

म्हणाली, आत्या, त्या स्वैपाकघरात आम्ही दोघं उभे राहिलो तर फ्रिजचं दार उघडत नाही. रूपाच्या लग्नात — रूपा तिची मैत्रीण — सात डिनर सेट आले. सगळे पलंगाखाली आहेत. आता पलंग हलत नाही.

हसलो दोघी. मग तिने खरं सांगितलं. संतोष तिला म्हणाला, ही यादी फिरणार असेल तर माझी माणसं मी आणत नाय. ती म्हणाली, मग तुम्हीही नका येऊ. बोलून गेली. त्याने फोन ठेवला. दोन दिवस झाले, बापलेक बोलत नाहीत. लग्न तीस तारखेला! बाप आला नाही तर मंगलाष्टकं कुणाकडे बघत ऐकू, म्हणाली. आई तर नाहीच.

"तू सांग ना पप्पांना. तुझं ऐकतात."

ऐकतो कुठला! लहानपणापासून मीच त्याचं ऐकत आले.

जाताना दारात वळली. चपलेत पाय घालता घालता, हसत, अगदी सहज म्हणाली, "आणि तू जे देशील ना, त्याच्यावर नाव नको घालूस, आत्या. प्लीज."

मी म्हटलं, नाही घालणार.

वचनच झालं ते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मांडणीवरची सगळी भांडी आज खाली काढली. कारण काही नाही.

ह्यांचं भांड्यांचं दुकान बाजारपेठेत होतं, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. लग्नसराईत गर्दी व्हायची ती भांड्यापेक्षा नावासाठी. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट.' आधी हे छिन्नी-हातोडीने ठोकायचे. अक्षर कसं? पावसात भिजलेल्या कोंबडीसारखं. मग विजेचं यंत्र आणलं, पेनासारखं, टर्रर्र करणारं, आणि ते माझ्या हातात आलं. कायमचं.

कारण माझं अक्षर. बाबा खंडाळ्याच्या नन्सच्या शाळेत माळी होते, म्हणून मला तिथे फुकट घेतलं. मुलींचीच शाळा, संतोषला कसं घेणार? तो गावच्या शाळेत गेला. मी सिस्टर बेनेडिक्टांपुढे बसून पानंच्या पानं गिरवली. त्या म्हणायच्या, अक्षर म्हणजे पाहुण्याला दिलेलं पाणी, तळ दिसला पाहिजे. त्यांचं मराठी गोव्याकडचं, गोड. आवाज अजून येतो कानात, नेमका दुपारी, डोळा लागता लागता.

तर असं हे. कर्जत-खालापूरच्या निम्म्या घरांतल्या कळश्यांवर माझं अक्षर आहे. कुठेही जेवायला गेले की ताट जरा तिरकं करून पाहते. कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या स्वतःच्या भांड्यांवर दोन बायका राहतात. माहेरच्या भांड्यांवर कुमुद. सासरच्यांवर सुनीता — लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलं गेलेलं नाव. कुमुद म्हणून हाक मारणारं आता कुणीच उरलं नाही. एक परात आहे आणि दोन तांबे. ती तिघं मारतात हाक.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी उन्हात केस वाळवत बसले होते आणि एकदम लक्षात आलं! यादी तर आमच्याकडेही होती. कागदावर नव्हती, ह्यांच्या डोक्यात होती.

आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की सगळे आमच्याच दुकानात. पळसदरीचे कोंडाजी यायचे, गादीवर बसायचे, तंबाखू मळायचे. पुतणीचं लग्न हाय, काय देऊ? हे वर न बघता सांगायचे, हंडा गेला, कळशी गेली, मामाने पिंप नेलं, परात राहिलीय. कोंडाजी परात घ्यायचे. मी नाव घालायची. मांडवात सगळ्यांना वाटायचं, किती जुळून आलं! एक वस्तू दोनदा नाही. देवाची करणी.

देव गल्ल्यावर बसलेला असायचा, बनियनमध्ये.

आणि जे आमच्याकडे न येता परस्पर मुंबईहून आणायचे, त्यांचे लेमन सेट यायचे. माझ्या नणंदेला इतके आले, की तिच्या घरी कुणी गेलं की सरबत घेऊन वर सेटही घरी न्यावा लागायचा.

मग अक्षदाने वेगळं काय केलं? हिरवी खूण म्हणजे हेच की. फक्त तंबाखू नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

हे सगळं संतोषला फोनवर सांगितलं. मोठ्या उत्साहाने. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दुकानदार सांगायचा गं ताई. नवरी नव्हती सांगत."

 

१२ नोव्हेंबर, बुधवार

इंदूबाई भांडी घासायला येते, तिला मशीनचा फोटो दाखवला. तिने ओल्या हातानेच फोन धरला, निरखून पाहिला. म्हणाली, "यात तुमची ती दुधाची करपलेली पातेली टाका. मग बगू कोन रडतंय, मशीन का मी."

मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, पोरीने घ्यावं मात्र. आमच्या पोरींनी पन घ्यावं. बोटं बगा माजी.

बोटं पाहिली. रोज बघते, आज पाहिली.

परसात सोनटक्क्याची शेवटची फुलं. हा सोनटक्का कुणाच्या यादीत नव्हता. आमच्या दुकानात बुधाजी माल उतरवायचा. माझ्या लग्नाला त्याची बायको चंद्राबाई ओल्या गोणपाटात एक कंद गुंडाळून घेऊन आली. मांडवात सगळे पितळ-स्टील मोजत होते, आणि ही चिखलाचा गोळा हातात घेऊन उभी. सासूबाईंनी तो बाहेरच ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी मी लावला. हंडे गळले, पिंप मोडीत गेलं. हा दर पावसाळ्यात येतो, आणि आला की आधी वास येतो, मग तो. त्याच्यावर नाव घालता आलं नाही. पण चंद्राबाईशिवाय कुणाचंच नाव नाही त्याच्यावर.

म्हणजे यादी बरोबर. आणि यादी पुरी नाही. दोन्ही खरं असू शकतं ना? सिस्टर असत्या तर विचारलं असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्वप्न पडलं. उल्हास आणि पाताळगंगा एकत्र वाहत होत्या. खऱ्यात त्या कधी भेटत नाहीत. पाण्यावरून भांडी चालली होती, हजारो. पातेली, वाट्या, कळश्या, हलके हलके एकमेकींना टेकत. मंद किणकिण. सगळ्यांवर माझं अक्षर, पण नावं पाण्याने पुसलेली. काठावर नम्रता बसली होती. एकेक भांडं उचलत होती, पुसत होती, पुन्हा पाण्यात सोडत होती. मी म्हटलं, अगं हात दुखतील. ती हसली. तिचे हात चांगले होते, मऊ, एक भेग नाही.

जाग आली तेव्हा परसातून वास येत होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

संतोष आला. न सांगता. मोटारसायकलवर खोपोलीवरून, तोंडावर मफलर. इंदूबाईची आज सुट्टी, म्हणून मी भांडी घासत होते. त्याला म्हटलं बस, चहा टाकते. तो बसला नाही. ओट्याशी येऊन उभा राहिला, माझ्या हाताकडे बघत.

यादीबद्दल मी बोलणार होते. तयारी केली होती! पण त्याचा चेहरा पाहून नाही बोलले.

खिडकीत कोकमाच्या तेलाचा गोळा होता. थंडीत हातापायांना लावते मी. त्याने उचलला, नाकाशी नेला. तसाच उभा राहिला.

नम्रता लावायची. त्यांच्या घरात तेव्हा माणसं किती! आमचे आई-बाबा, चुलत दीर, जावा, कारखान्यातले जेवायला येणारे वेगळे. विहिरीवर भांड्यांचा ढीग. पावडरीने बोटांना भेगा पडायच्या, मग हे तेल मेणबत्तीवर वितळवून भेगांत सोडायची. अक्षदाला जवळ घेताना हात मुठीत मिटून घ्यायची, पोरीला टोचेल म्हणून. मी पाहिलंय.

संतोषने गोळा परत ठेवला, होता तिथेच. मग विचारलं, त्या मशीनला गरम पाणी लागतं का गं? का आपलं आपण तापवतं?

मला काय ठाऊक! रुद्रला विचार, म्हटलं.

चहा घेतला, गेला. लेकीचं नावही काढलं नाही.  असाच हट्टाने राहिला आणि तीस तारीख निघून गेली तर?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी घेतलं. यादीतलंच. स्टीलचे डबे. रुद्र फोनवर सांगत होता, मी दाबत होते. गुणी मुलगा. 'आत्या, सावकाश, घाई नाही' असं म्हणतो, घाई असली तरी. पैसे भरले, आणि डब्यांवर हिरवी खूण उगवली. मला उगाच आनंद झाला, पेपरात पहिली आल्यासारखा.

पण डबे माझ्याकडे येणारच नाहीत. ते थेट शेलूला जाणार. मी ते हातात घेणार नाही, वाजवून बघणार नाही, तळाला बोट फिरवणार नाही. तिथे दहा खोकी येतील, एकसारखी. कुणाचं कुठलं?

एवढ्यावर तरी नाव घालू द्यायचं होतं पोरीने. तळाला. दिसलंसुद्धा नसतं.

वचन ते वचन.

फोन ठेवता ठेवता रुद्र म्हणाला, काका भेटले होते परवा. कोण काका? पण रेंज गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अक्षदाचा फोन, भर दुपारी. मशीनवर हिरवी खूण आली! भांडी घासायच्या! यादीतली सगळ्यात मोठी वस्तू, ती कुणी घेईल असं तिला वाटलंच नव्हतं, नुसती हौस म्हणून टाकली होती. घेणाऱ्याने नाव लपवलंय. तशी सोय असते म्हणे.

"आत्या, तू?"

मी नाही, म्हटलं. माझे डबे. तिला पटेना. मग तिला वाटलं ऑफिसातल्यांनी मिळून घेतलं असेल. हरेश म्हणून साहेब आहेत, त्यांचा स्वभाव तसा आहे.

मी विचारलं, पप्पांचा फोन?

नाही, म्हणाली. मीही नाही केला.  पलीकडे तिच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धुकं दहा वाजेपर्यंत हललं नाही. समोरचा डोंगर आज नव्हताच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

संतोषचा फोन. आवाज हळू! मला वाटलं आजारी आहे.

"ताई, तुजं ते नाव घालायचं यंत्र चालतंय का अजून?"

कपाटाच्या वरच्या खणात होतं, ह्यांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं. काढलं. वायर ठीक. बटण दाबलं आणि टर्रर्र — सगळं दुकान घरात आलं. तंबाखू, पितळ घासायची चिंच, ह्यांचं बनियन. एका जुन्या झाकणावर लिहून पाहिलं. कुमुद. हात अजून सरळ चालतो.

त्याला सांगितलं, चालतंय. पण अक्षदासाठी असेल तर नाही हं. मी शब्द दिलाय तिला.

तो म्हणाला, "शब्द तू दिलास. मी नाय दिला."

बुधवारी सकाळी शेलूला चल. घेऊन ये ते. का, ते सांगेना. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, चावी रुद्रने दिलीय, पोरगी कामावर असंल. बस झालं तेवढं.

कशासाठी बोलावतो? दारावर नावाची पाटी असेल. नाहीतर भांडण उकरून काढायला चार हंडे घेऊन ठेवले असतील, भरवसा नाही त्याचा! पोरीला कळलं की ती माझ्याशीही बोलायची नाही. मग कोण उरेल तिच्या बाजूने, मांडवात?

जाऊ नये असं वाटतं. यंत्र मात्र पिशवीत भरून ठेवलंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

घर खरंच लहान. स्वैपाकघरात ओट्याखाली ते मशीन बसवलेलं, दारावरचा प्लास्टिकचा कागद सोललेला. संतोषने खिशातून रुमाल काढून ते दार पुसलं. पुन्हा पुसलं. मग उकिडवा बसला आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. "इथं घाल."

"काय घालू?"

"घाल — 'चि. अक्षदा हिस, आईकडून.'"

माझा हात थांबला. स्मरणार्थ लिहायचं ना, म्हटलं. आधी कै. लिहायचं, मग नाव.

"नाय. नुसतं आईकडून."

घातलं. सगळ्यात सावकाश घातलेलं नाव माझ्या जन्मातलं. तो फुंकर मारून चुरा उडवत होता, प्रत्येक अक्षरानंतर.

खाली तुझं नाव घालू का, मी विचारलं.

"माजं कशाला?" तो उठला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "मी त्या यादीच्या इरुद्ध हाय."